मागची भिंत

आमच्या नळीचं पुढचं तोंड सगळ्यांचं होतं, मागचं तेवढं माझं. गोळा किती लांब गेला, पोलादाला भोक किती खोल पडलं, नेम किती चुकला, हे बघायला आमच्या आराखडा कार्यालयात अठ्ठावीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण होती. मागून निघणारी आग बघायला एक बाई होती. तिच्याकडे लाकडी चौकटी, कागदाची गुंडाळी आणि हातोडी. बाई म्हणजे मी, कापितोलिना येगोरोव्हना. उपाहारगृहात मी ताट घेऊन आले की कोणीतरी हटकून म्हणायचं, "सरका रे, शेपटीवाल्या बाई आल्या, मागे उभे राहू नका!" बारा वर्षं तोच विनोद. मी कोबीचं सूप प्यायचे.

ही नळी खांद्यावर ठेवून रणगाड्यावर डागायची. खांद्याला धक्का बसू नये म्हणून जितका जोर पुढे जातो तितकाच मागून मोकळा सोडायचा, सगळी मेख एवढीच. मेख झकास आहे, फक्त मागे कोणी असता कामा नये. आणि मागे भिंत असली तर तो जोर भिंतीवर आपटून उलट नेमबाजाच्याच पाठीवर आणि कानांवर येतो. मग भिंत किती लांब असली म्हणजे माणूस धड राहील? तो आकडा काढणं हे माझं काम. मी चौकटींवर कागद ताणायचे, त्या ओळीने मागे उभ्या करायचे, बार झाला की कुठला फाटला, कुठला नुसता फुगला ते बघायचे, दाबमापकांची टिपणं घ्यायचे आणि नोंदपत्रकात आकडा लिहून सही करायचे. तोच आकडा पुढे शिपायांच्या पुस्तिकेत छापून यायचा.

सहीबाबत आमच्याकडे एक रीत होती. मुख्य आराखडाकार इग्नात सावेलिच यांनी ती पाडली होती. आकड्याखाली जो सही करणार, त्याने आधी त्या आकड्यावर जाऊन बसायचं. दोन मीटर लिहायचेत? मग मागे दोन मीटरवर भिंत ठेवून नेमबाजाशेजारी खंदकात बसा, एक बार अंगावर घ्या, आणि मग पेन उचला. दुसऱ्या कुठल्या कार्यालयात असं नव्हतं. आम्हाला त्याचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर त्या गर्वानेच आमचा घात केला.

इग्नात सावेलिच यांचा डावा कान युद्धात, एकेचाळीसच्या शरद ऋतूत गेला होता. त्यांच्या खंदकात अकरा जण होते आणि रणगाडे थोपवायला काय, तर दोरीने बांधलेले हातगोळ्यांचे जुडगे. ते फेकायला रणगाड्याच्या इतकं जवळ जावं लागायचं की फेकणारा परत येणं ही मेहेरबानीच. अकरातले एकटे हे आले. त्यामुळे नळीचा एक एक तोळा कमी करायला हा माणूस खालच्या लोकांचा जीव खायचा. नेमबाजाचा गाल तापल्या नळीवर भाजू नये म्हणून लाकडाचं वेष्टण त्यांनी स्वतः घरच्या सुरीने कोरून आणलं होतं. "माणसाला रणगाड्यापासून शंभर पावलं लांब ठेवायचं," ते म्हणायचे. "बाकी सगळी शोभा."

असा माणूस. त्याच्यावर राग धरणं मला कधी जमलं नाही, जेव्हा धरायला हवा होता तेव्हासुद्धा.

साठ सालचा डिसेंबर. योजनेप्रमाणे एकतीस तारखेच्या आत खंदकाची चाचणी उरकायची होती, आणि आमच्याकडे सगळी कामं वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातच अंगावर येतात. उणे सव्वीस अंश. खंदक खणायला आलेल्या शिपायांच्या कुदळी जमिनीवरून उडत होत्या. दोन दिवसांत त्यांनी गुडघाभर खड्डा केला. मग त्यांच्या हवालदाराने डोकं लढवलं. पुढची बाजू कशीबशी खणली आणि मागची भिंत बर्फाची रचली. फावड्याने थोपटून, छान सरळ, दीड मीटर उंच. नेमबाजाच्या जागेपासून भिंतीपर्यंत मी फीत लावली. दोन मीटर बरोबर.

मी ती भिंत पाहिली. हे मी कुठल्याही चौकशीत सांगितलं असतं, पण कोणी विचारलंच नाही. मी हातमोज्यातल्या बोटाने ती टोचूनसुद्धा पाहिली, आणि बोट आत गेलं. नोंदपत्रकात भिंतीची उंची लिहायला रकाना होता, अंतराला रकाना होता, वारा, तापमान, बर्फाची जाडी, सगळ्याला होता. भिंत कशाची, हा रकाना नव्हता. मी गारठले होते, घरी नव्या वर्षाचं पीठ भिजवून ठेवलं होतं, आणि जे विचारलेलं नाही ते लिहू नये हे आम्हाला शाळेपासून शिकवलेलं.

मग रीतीप्रमाणे मी खंदकात उतरले. आमचा नेमबाज पाखोम शेजारी बसला. हा युद्धातून आलेला, माझ्याच वयाचा धिप्पाड गडी. क्लबच्या गायनवृंदात खर्जातला आवाज त्याचा, अख्खं गाव त्याच्यासाठी यायचं.

"येगोरोव्हना, टोपी खाली ओढा," तो म्हणाला. "आणि घाबरायचं असेल तर आत्ताच घाबरून घ्या, नंतर वेळ मिळायचा नाही."

"तू नेम धर. माझं मी बघते."

बार झाला. थोडा बर्फ मानेवर सांडला. बस. दाबमापकं शांत, मागचा कागदही शाबूत. पाखोमने माझ्याकडे बघून डोळा मारला. संध्याकाळी मी ऐटीत सही केली. मी स्वतः बसले होते ना तिथे!

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या चौकटी आणायला चाचणीच्या मैदानावर गेले. बर्फ वितळत होता, रबरी बूट चिखलात रुतत होते. चौकटी सापडल्या. खंदकाची पुढची बाजू सापडली. मागची भिंत नव्हती. तिच्या जागी घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि त्यात एक बेडूक बसला होता. मी त्या डबक्याकडे बघत उभी राहिले. बर्फाने तो सगळा जोर गिळला होता. माझ्या मानेवर सांडला तो जोर होता. शिपाई उन्हाळ्यात लढणार, मातीच्या खंदकात, विटांच्या घरात. आणि पुस्तिकेत माझा आकडा, दोन मीटर.

मी बुटांसकट इग्नात सावेलिच यांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते. मला 'कापा' म्हणणारे ते एकटेच.

"हे तू हिवाळ्यात का नाही बोललीस, कापा?"

"रकाना नव्हता."

"रकाना नव्हता!" त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. "तोंड होतं ना?"

 मी म्हटलं, "परत चाचणी घेऊ या. मातीची भिंत घालून. एका दिवसाचं काम आहे."

"कशाने घेऊ? आपल्या वाट्याचे गोळे संपले. सहा उरलेत, सहाही क्रमांक टाकून समितीसाठी मोहोरबंद. अठरा मेला समिती येतेय. खंदक लष्कराचे लोक खणणार, तुझ्याच पुस्तिकेप्रमाणे. दोन मीटर." ते उठून खिडकीशी गेले. "आता मी सांगितलं की आकडा चुकला, तर नळी वर्षभर मागे पडते. कदाचित कायमची. दुसऱ्या कार्यालयाचं जड धूड पुढे येतं, ते उचलायला दोन माणसं लागतात. तुला माहीत आहे दोन माणसं म्हणजे काय? एकाऐवजी दोन मरतात."

"आणि पाखोम?"

"पाखोम कापूस घालेल. खंदकातून एकच बार आहे. जूनमध्ये नवे गोळे आले की आपण गुपचूप मोजू आणि आकडा बदलून टाकू. एका बाराने काही होत नाही."

"तुमचा कान किती बारांत गेला, इग्नात सावेलिच?"

हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि मी निघाले.

वरिष्ठांना सांगितलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं, असं आमच्याकडे मानतात. मीही जवळजवळ चार आठवडे तसंच मानायचा प्रयत्न केला. पण पाखोम रोज दिसायचा. रोज तो काहीतरी गुणगुणत असायचा. सतराला दुपारी मी त्याला गोदामामागे गाठलं. तो फळकुटावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मी त्याला सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. बिया खिशात ठेवल्या.

"किती वाईट?"

"ते मला माहीत नाही."

"वा, येगोरोव्हना. माहीत नाही त्याच्यावर सही बरी केली तुम्ही."

"तू आजारी पड उद्या. पोट धर."

"मग माझ्या जागी त्या पोराटोरांपैकी कोणाला तरी बसवतील. त्यांची तर अजून लग्नंही झाली नाहीत." त्याने मांडीवरची टरफलं झटकली. "मी तर बेफिकीर होतो हो. म्हटलं, शेपटीवाल्या बाई स्वतः शेजारी बसल्या होत्या, मग काय भीती!"

मला त्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

अठराला ऊन होतं. समितीत सात जण होते, आणि त्यांचा अध्यक्ष एक लालबुंद, हसरा सेनापती. लष्कराने खणलेला खंदक बघण्यासारखा होता. पिवळी चिकणमाती, मागची भिंत कापून गुळगुळीत केलेली. मी बोट लावलं. बोटाला फक्त रंग लागला. पाखोम नळी घेऊन खाली उतरला. त्याने कानात कापूस कोंबला होता आणि तो कोणाकडेच बघत नव्हता.

मी ठरवून आले होते का? नाही. पाय आपोआप चालले, असंच म्हणावं लागेल. मी समितीच्या समोरून गेले, स्कर्ट आवरला आणि खंदकात पाखोमच्या शेजारी जाऊन बसले.

"ह्या बाई तिथे काय करताहेत?" सेनापतींनी विचारलं.

इग्नात सावेलिच यांना उत्तर द्यावंच लागलं. "आमच्याकडची रीत आहे, साहेब. अंतराच्या आकड्यावर त्यांची सही आहे."

"शाब्बास! बाई आहेत की वाघीण!" सेनापती हसले, समितीही हसली. इग्नात सावेलिच हसले नाहीत. ते खंदकाच्या काठाशी आले आणि माझ्याकडे वाकून बघू लागले.  मी मातीच्या भिंतीवर तळहाताने दोनदा थापटलं.

त्यांनी टोपी काढून गवतावर ठेवली आणि खाली उतरले. "वर जा, दोघंही," ते म्हणाले. "नळी माझ्याकडे दे, पाखोम. सहीच्या आधी आराखडा येतो आणि आराखडा माझा आहे."

"इग्नात सावेलिच," मी पुटपुटले, "तुमचा तो एकच कान आहे."

"म्हणून तर खात्री होईल. दोन असते तर शंका राहिली असती."

पाखोमने आपला कापूस काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. "पुस्तिकेत कापूस लिहिलाय का?" एवढंच म्हणाले.

बार झाला. दोनशे मीटरवर जुन्या रणगाड्याचा सांगाडा होता, त्याच्या बुरुजाखाली ठिणगी उडाली आणि सातही जण "हुर्रे" ओरडले. सगळ्यांची तोंडं तिकडे. मी एकटी मागे बघत होते, कारण बारा वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं. पिवळी धूळ हळूहळू खाली बसली. इग्नात सावेलिच नळीवर कपाळ टेकून बसले होते. मग त्यांनी डोकं वर केलं, चेहरा पुसला, कानाजवळून ओघळलेलं रुमालाने टिपलं आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला. वर येताना ते हसत होते.

"झकास! अगदी झकास!" सेनापतींनी त्यांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "वर्षाला किती देऊ शकाल?"

"हो," इग्नात सावेलिच म्हणाले.

सेनापतींना तो विनोद वाटला. ते खो खो हसले, त्यांची माणसं हसली, आणि इग्नात सावेलिच सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसले.  पाखोमने टोपी काढली आणि तो दुसरीकडे बघू लागला.

सह्या फळ्यांच्या खोपटात व्हायच्या होत्या. समिती बाहेर लांब टेबलाशी हेरिंग मासा आणि व्होडका घेऊन उभी होती. आत आम्ही दोघंच. नोंदपत्रक माझ्यासमोर, पेन शाईत बुडवलेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखाडी झाला होता.

आता मी जे सांगते ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मी सही करणार होते. पेनाचं टोक कागदाला लागलंही होतं. त्या माणसाने आपला उरलेला कान नळीसाठी दिला, आता मी ती बुडवू? जूनमध्ये गुपचूप आकडा बदलू. मी मनात अगदी त्यांचेच शब्द म्हणत होते.

तेवढ्यात ते माझ्या कानाशी वाकले. दोन माणसं गुपित बोलताना वाकतात तसे. आणि बोलले.

"कापा, तुझं खरं होतं! हिवाळ्यातली भिंत बर्फाची होती! दोन मीटर चुकीचे आहेत, पार चुकीचे! मला काहीच ऐकू येत नाहीये! तू आत्ता सही कर, जूनमध्ये बदलू! ह्या लोकांना एक शब्द सांगू नकोस!"

त्यांना वाटत होतं, आपण कुजबुजतोय. स्वतःचा आवाज ज्याला ऐकू येत नाही त्याला तो मोजणार तरी कसा? फळ्यांच्या भिंती थरथरल्या. बाहेर पेल्यांचा किणकिणाट थांबला.

मी ओठांवर बोट ठेवलं, पण उशीर झाला होता. दार उघडलं. सेनापती हातात काट्याला टोचलेला मासा घेऊन दारात उभे होते आणि आता हसत नव्हते. इग्नात सावेलिच यांची दाराकडे पाठ होती. ते माझ्याकडेच बघत होते, उत्तराची वाट बघत. सेनापतींनी पुढे होऊन माझ्या हाताखालचं नोंदपत्रक काढून घेतलं. इग्नात सावेलिच यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांची खात्रीच पटली की मी आधीच कधीतरी सगळं सांगून ठेवलं होतं.

नळी अकरा महिने अडली. मातीच्या, विटांच्या, लाकडाच्या भिंती घालून आम्ही पुन्हा मोजलं, आणि आकडा सहा आला. नोंदपत्रकात नवा रकाना आला, 'भिंत कशाची'. तो माझ्या हट्टाने आला. इग्नात सावेलिच यांना त्याच उन्हाळ्यात निवृत्त केलं, सन्मानाने, घड्याळ देऊन. मला ताकीद मिळाली. पाखोम क्लबमधल्या नोव्हेंबरच्या कार्यक्रमात गायला. इग्नात सावेलिच पहिल्या रांगेत बसले होते आणि बाकीचे टाळ्या वाजवायला लागले की वाजवत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दीड वर्षाने त्यांच्या बायकोने मला बोलावणं धाडलं. मी सफरचंदाचा केक घेऊन गेले. ते टेबलाशी बसले होते. समोर शाळेतल्या मुलांची असते तशी चौकटींची वही, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. बोलणारे ते, लिहिणारे बाकीचे, अशी त्या घराची नवी रीत होती. बायको चहा ठेवून आत गेली.

"वर्षभर मी तुझ्यावर धुमसत होतो," ते म्हणाले. घर दणाणलं. "मनात म्हणायचो, तिला विश्वासाने सांगितलं आणि तिने मला विकलं! मग एके दिवशी ती पुस्तिका हातात आली. सहा मीटर. मी बसून हिशेब केला, किती पोरांचे कान. कापा, माझ्यात ती हिंमत नव्हती. तुझ्यात होती. तू त्यांना सांगितलंस ते बरं केलंस. एवढंच सांगायला बोलावलं."

आणि हा माणूस, ज्याने मला बारा वर्षांत एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं, उठून माझ्यापुढे वाकला.

मी वही ओढली. 'मी सांगितलं नाही,' मी लिहिलं. 'मी सही करत होते. ते तुम्हीच ओरडून' इथपर्यंत आले. त्यांचा चष्मा बशीशेजारी होता आणि ते तो चाचपत होते. त्यांना आपला तो दिवस कसा आठवत असेल, याचा मी विचार केला. आपण खाली वाकलो, हळूच बोललो, आणि समोरची बाई खरी निघाली. त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

मी ते पान फाडलं आणि मुठीत चुरगाळलं. त्यांनी चष्मा लावला. नव्या पानावर मी लिहिलं, 'चहा घ्या, थंड होतोय.'

त्यांनी वाचलं आणि मान डोलावली. "बाईला स्वतःची स्तुती सोसत नाही," ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले.